कांदळवन लावायला निघालात? या चुका टाळा

२६ जुलै हा कांदळवन म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलाच्या संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय दिवस जवळ आला की नांदेड-परभणीकडच्या महाविद्यालयांची पथके रोपे घेऊन कोकणात उतरू लागतात. त्यांच्या उत्साहाबद्दल तक्रार नाही. मात्र माळावर कडुनिंब लावण्याची रीत खाडीत चालत नाही, हे गाडीत बसण्यापूर्वी त्यांना कोणी सांगत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ओहोटीला उघडा पडलेला चिखल पडीक जमीन समजणे. अशाच एका पथकाबरोबर मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीवर गेलो होतो. संयोजकांना दुपारच्या आत छायाचित्रे हवी होती, म्हणून त्यांनी पाण्याच्या अगदी कडेचा मऊ पट्टा निवडला. तिसऱ्या म्हणजे खाडीतले शिंपले वेचणाऱ्या एका आजींनी, भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीलासुद्धा इथे कमरेएवढे पाणी चढते, असे बजावले. ते कोणी मनावर घेतले नाही. दिवाळीनंतर पाहिले, तर बरीच रोपे वाहून गेली होती आणि उरलेल्या कांदळांच्या खोडांवर बार्नॅकल या चिकटून बसणाऱ्या कवचधारी जिवांचे खरखरीत थर चढून ती चिखलात आडवी झाली होती. कांदळ, तिवर ही झाडे साधारणपणे सरासरी समुद्रपातळीच्या वर, भरती जिथे येऊन परत जाते तिथे रुजतात. त्याखाली मुळांना हवा मिळण्याइतका वेळ जमीन उघडी राहत नाही. शिवाय तो मोकळा चिखल म्हणजे शिंपल्यांचे घर आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचे ताट असते.

मी आधी जुन्या झाडांची खालची कड पाहतो, तीही उधाण म्हणजे मोठी भरती आणि भांग अशा दोन्ही दिवशी. आसपास आपोआप उगवलेले एकही रोप नसेल, तर कुदळ खाली ठेवून कारण शोधतो. बहुधा एखाद्या बांधाने किंवा भरावाने भरतीचे पाणी अडवलेले असते. ते रीतसर परवानगीने मोकळे झाले आणि जवळ जुनी झाडे असली, तर बिया पाण्याबरोबर स्वतःच येतात. हा मार्ग घाईच्या मंडळींना रुचत नाही, कारण त्यात फलक लावण्याजोगे काही नसते.

एकाच जातीची रोपे ओळीने लावू नका. पिशवीसकट रोप पुरू नका. तिवराची वर आलेली श्वसनमुळे तुडवू नका.

दुसरी मोठी चूक मराठवाड्याची खास आहे: आपल्याला समुद्र नाही, असे मानणे. आपली गोदावरी आंध्रच्या किनाऱ्याला मिळते आणि तिच्या मुखाशी कोरिंगाचे कांदळवन आहे. जायकवाडीपासून खालच्या धरणांपर्यंत गाळ अडत गेल्याने त्रिभुज प्रदेशाला पूर्वीइतकी माती मिळत नाही आणि किनाऱ्याची धूप वाढते. धरणे आपण हलवू शकत नाही. परंतु कोकणाच्या एका सहलीच्या खर्चात पावसाळ्यापूर्वी नांदेडच्या घाटांवरचे आणि नाल्यांच्या तोंडाशी साचलेले प्लास्टिक उचलता येते, आणि तेही पहिल्या पुराच्या आतच उचलावे लागते, नाहीतर ते नदीबरोबर खाली वाहून जाते.