शुगर उतरत नाही म्हणून डोस वाढवताय? आधी या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून एक कळलंय, दर महिन्याला चिठ्ठीवर वाढीव डोस घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचं इन्सुलिन मुळात नीट आत जातच नसतं. पेशंट ते सांगत नाही कारण त्यालाच माहीत नसतं आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना विचारायला वेळ नसतो, मग काय, २०चे २४ होतात, २४चे २८.

सगळ्यात डेंजर चूक सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४०वालं, म्हणजे १ मिलीत ४० युनिट, त्याची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधलं (पेनात बसणाऱ्या नळीतलं) १००वालं, म्हणजे १ मिलीत १०० युनिट, आणि १००ची सिरिंज केशरी टोपणाची. आता ४०च्या बाटलीतून केशरी सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत ओढलं तर आत जातात फक्त ८ युनिट, मग शुगर कशी उतरणार? उलटं झालं तर जिवावरच बेततं, पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने २० ओढले की थेट ५० युनिट! त्यामुळे 'काका, कोणतीही द्या हो' असं म्हणू नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा सेम आहे ना ते स्वतः वाचा, नुसत्या रंगावर जाऊ नका.

दुसरी चूक, बेंबीशेजारी रोज त्याच जागी टोचायचं, कारण तिथे दुखत नाही. दुखत नाही कारण तिथे गाठ झालीय, आणि गाठीतून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं कधी जास्त. जागा बदला, पण वर्षानुवर्षं गाठीत टोचत असाल तर आधी डॉक्टरांशी बोला, नवीन जागी तोच डोस जास्त होऊन शुगर एकदम पडू शकते.

ठेवण्याचं थोडक्यात: सीलबंद बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला, फ्रीझरमध्ये नाही, गोठलेली फेकून द्या. चालू केलेली साधारण ४ आठवडे.

टेस्टचा तर वेगळाच किस्सा. रिपोर्टच्या आधी दोन दिवस भात बंद, पीपीचे, म्हणजे जेवणानंतरच्या शुगरचे, दोन तास जेवून हात धुतल्यापासून मोजायचे (ते पहिल्या घासापासून मोजतात हो!), आणि कोणी कोणी तर त्या दिवशी गोळीच घेत नाही. एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचं सांगते म्हणून तिथे हे नाटक चालत नाही, पण अंगात लोह कमी असेल तर तोही आकडा उगाच जास्त येऊ शकतो, तेव्हा डोस वाढवण्याआधी हिमोग्लोबिन बघितलेलं बरं. घरी आंबा कापून तसंच बोट टोचलंत तर मशीन आंब्याची शुगर दाखवणार, हात धुवा.

आणि शुगर पडून रात्री घाम फुटला, हात थरथरले, हे लोक लपवतातच, डॉक्टर रागावतील म्हणून. शुगर ७०च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत चेक. पेढा नको, त्यातल्या तुपामुळे उशीर होतो. पण दुसऱ्या दिवशी ते वहीत लिहा, नाहीतर डॉक्टरांना फक्त वाढलेलेच आकडे दिसतात.

पुढच्या व्हिजिटला फाईलबरोबर बाटली, सिरिंज, मशीन सगळं पिशवीत टाकून न्या. आणि डॉक्टर, तुम्ही डोस लिहायच्या आधी एकदा म्हणा, 'आजी, कसं टोचता ते दाखवा बरं.'