शिंजीर की हॉक मॉथ? परसात कसं ओळखाल

बेळगाव-खानापूर पट्ट्यात घाणेरी बहरली की कुणी ना कुणी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवतं : ‘आमच्या परसात हमिंगबर्ड आलाय!’ हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात. तुम्ही पाहिलेला जीव एक तर शिंजीर (सनबर्ड) हा चिमुकला पक्षी, नाहीतर दिवसा उडणारा हॉक मॉथ, म्हणजे पतंग. दोघंही पाहण्यासारखे आहेत, म्हणून नीट ओळखावेत.

आधी तो बसतो का, ते बघा. माझ्या मते ही सगळ्यात भरवशाची खूण. शिंजीर जास्वंदीच्या फांदीला लटकतो आणि बाकदार चोच फुलाच्या बुडाशी बाजूनं खुपसतो. क्षणभर हवेत तरंगतोही, पण लगेच फांदी धरतो. हॉक मॉथ सहसा फुलावर टेकत नाही. समोर तरंगत सोंड आत घालतो, की चालला पुढच्या फुलाकडे.

मग डोकं बघा. पतंगाच्या डोक्यावर दोन जाड मिशा असतात, पक्ष्याला त्या नसतात. फूल सोडताना सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते. नजरेला हे टिपत नाही, मोबाइलवर स्लो मोशन लावा. पोटाच्या टोकाला केसांचा झुपका असतो, तीच लोकांना शेपटी वाटते.

आकार. जांभळा शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे 10 सें.मी. पारदर्शक पंखांचा हॉक मॉथ पंख पसरूनही क्वचितच 7 सें.मी.च्या वर जातो. कोशातून निघताना त्याच्या पंखांवर खवले असतात. पहिल्याच फडफडीत ते झडतात आणि पंख काचेसारखे होतात.

रंगावर फार विसंबू नका. नर शिंजीर सावलीत काळा, उन्हात जांभळा-निळा चमकतो. विणीचा हंगाम सरला की पोटाकडून पिवळट होतो, गळ्याखाली फक्त काळी रेघ उरते.

अंधार पडल्यावर फुलाशी कोणी तरंगत असेल, तर तो पतंगच.

शेवटी झाड तपासा. अनंताची पानं कुरतडलेली असतील, तर पानाखाली मागच्या टोकाला शिंग असलेली हिरवी अळी शोधा. ती याच पारदर्शक पंखांच्या पतंगाची असू शकते. आपल्याकडच्या रताळ्याच्या वेलावरही शिंगाची जाड अळी मिळते, पण तिचा पतंग वेगळा. तो मोठा, राखाडी असतो आणि तिन्हीसांजेनंतर बाहेर पडतो. शिंग डंखत नाही. परसातल्या अनंतावर औषध मारू नका. शिंजीर पिल्लांना किडे, कोळी आणि बारीक अळ्याच भरवतो.