लुकलुकणारा ध्रुवीय प्रकाश कसा ओळखावा, आणि त्यामागच्या लहरी कशा समजून घ्याव्यात

ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा) बघायला नॉर्वेतल्या ट्रोम्सोला किंवा स्वीडनमधल्या आबिस्को, किरुनाला गेलेले बरेच पर्यटक त्याच्या हिरव्या पडद्यांचा नाच ओसरला की हॉटेलची वाट धरतात. कृपा करून तेव्हा निघू नका. मध्यरात्र उलटल्यापासून पहाटेपर्यंत जो फिका, लुकलुकणारा प्रकाश दिसतो, तो मला त्या नाचापेक्षा मोलाचा वाटतो.

1. डोळे तयार करा. मोबाइल बंद करून निदान वीस मिनिटं अंधारात थांबा. आकाशात पांढुरके ठिपके दिसतील. ते ढग समजून सोडून देऊ नका. एकाच ठिपक्यावर नजर ठेवा. तो उजळतो, काही सेकंद टिकतो, विझतो आणि जवळपास त्याच जागी, त्याच आकारात पुन्हा उजळतो. शेजारच्या ठिपक्याचा ताल वेगळाच असतो. सेकंद मोजा: एक फेरा साधारण 2 ते 20 सेकंदांचा भरतो.

2. एक्स्पोजर कमी ठेवा. नेहमीच्या 10 सेकंदांच्या फोटोत ही उघडझाप पुसली जाते. लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ 3200 किंवा 6400, एक्स्पोजर एका सेकंदाच्या आत. कॅमेरा अंधारात व्हिडिओ घेऊ शकत असेल तर उत्तमच.

3. आता कारण समजून घ्या. ठिपका चमकतो जमिनीपासून सुमारे 100 किलोमीटरवर. तो कधी उजळायचा हे मात्र हजारो किलोमीटर दूर, चुंबकीय विषुववृत्ताजवळ ठरतं. तिथे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांभोवती गिरक्या घेत उत्तर-दक्षिण ये-जा करत असतात. ध्रुवांकडे क्षेत्र तीव्र होत जातं, त्यामुळे बहुतेक इलेक्ट्रॉन हवेला न शिवताच मागे फिरतात. त्याच भागात प्लाझ्मात, म्हणजे तिथल्या विद्युतभारित कणांच्या विरळ वायूत, ‘कोरस’ नावाच्या लहरी उठतात. इलेक्ट्रॉनच्या गिरकीशी लहरीचा मेळ बसला की त्याची दिशा बदलते. ती बलरेषेपासून अवघ्या काही अंशांवर आली, तर तो मागे न फिरता थेट वातावरणात शिरतो आणि हवेच्या कणांना धडकून त्यांना चमकवतो. 10 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनला या प्रवासाला एखादा सेकंद पुरतो. लहरींना जोर आला की ठिपका उजळतो, त्या मंदावल्या की विझतो.

हा नुसता तर्क नाही. नासाच्या थेमिस उपग्रहांनी मोजलेल्या कोरसचा चढउतार आणि जमिनीवरच्या कॅमेऱ्यांतली लुकलुक जुळते, हे 2010 मध्ये दाखवलं गेलं. मग जपानच्या आरासे उपग्रहाने 27 मार्च 2017 रोजी कोरसबरोबर त्या अरुंद कोनात शिरणारे इलेक्ट्रॉन थेट मोजले. त्याच वेळी कॅनडातल्या द पास इथला कॅमेरा लुकलुक टिपत होता.

4. कोरस ऐका. या रेडिओलहरी आहेत, ध्वनी नव्हे. पण त्यांची वारंवारता काहीशे हर्ट्झ ते काही किलोहर्ट्झ, म्हणजे आपल्या कानांच्या टप्प्यातली. म्हणून अँटेना, अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन एवढ्यावर भागतं. अतिमंद वारंवारतेचा साधा रिसीव्हर घेऊन विजेच्या तारांपासून लांब जा, नाहीतर 50 हर्ट्झची गुणगुण सगळं बुडवते. पहाटेच्या पाखरांसारखे वर चढत जाणारे सूर म्हणजे कोरस. सगळ्या लहरी जमिनीपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा डोक्यावरच्या ठिपक्याशी प्रत्येक सूर जुळेलच असं नाही.

5. व्हिडिओ सावकाश बघा. ठिपका पेटलेला असताना त्यात सेकंदाला सुमारे तीनदा होणारी थरथर कधीकधी सापडते. लांब फेरा हा कोरसच्या झुंडींचा, आणि ही थरथर झुंडीतल्या एकेका चढत्या सुराची. ती शोधायची तर सेकंदाला निदान दहा-बारा फ्रेम हव्यातच.