इलॅस्टिकसर्च टाकण्याआधी एवढं बघून घ्या

उबुंटूवर इलॅस्टिकसर्च, म्हणजे मजकूर शोधायचं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर, टाकणं म्हणजे त्याचा रेपो (पॅकेज मिळायची जागा) जोडायचा आणि एपीटीची एक कमांड मारायची, त्यात काही विशेष नाही, डोक्याला ताप होतो तो आधी न बघितलेल्या गोष्टींचा आणि तो बरोबर साइट लाइव्ह करायच्या रात्री होतो. खाली जे सांगतोय ते एकाच सर्व्हरसाठी आहे, एखाद्या वेबसाइटचा किंवा दुकानाच्या कॅटलॉगचा सर्च वगैरे, आणि व्हर्जन 8 किंवा पुढचं धरून. अनेक सर्व्हर जोडलेल्या क्लस्टरचं प्रकरण वेगळं, त्यात शिरत नाही.

पहिल्यांदा रॅम. हीप, म्हणजे जावाला द्यायची मेमरी, एकूण रॅमच्या निम्म्याच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि उरलेली निम्मी फुकट पडून राहते असं समजू नका, आतलं लुसीन (शोधायचं मूळ इंजिन) इंडेक्सच्या, म्हणजे शोधासाठी रचून ठेवलेल्या डेटाच्या, फायली लिनक्सच्या कॅशमधूनच वाचत असतं, ती जागा खाल्लीत की सर्चचा स्पीड गेला बाराच्या भावात. हल्ली हीप किती ते इलॅस्टिकसर्च स्वतःच ठरवतं पण ते मशीनची एकूण रॅम बघून, त्याच मशीनवर तुमचं मायएसक्यूएल आणि पीएचपी पण बसलंय हे त्याच्या गावीही नसतं. तसं असेल तर आकडा हाताने द्या, एक्सएमएस (सुरुवातीची हीप) आणि एक्सएमएक्स (जास्तीत जास्त हीप) दोन्ही सारखे, जेव्हीएम डॉट ऑप्शन्स डॉट डी या फोल्डरमध्ये वेगळी फाइल करून, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट ऑप्शन्स पाहिजेच नाहीतर ती वाचलीच जात नाही. जावा वेगळं टाकायची गरज नाही, सोबतच येतं. स्वॅप, म्हणजे रॅम म्हणून वापरायची डिस्कवरची जागा, बंद करा, एफएसटॅब फाइलमधली तिची ओळ पण कमेंट करा म्हणजे रीबूटनंतर परत उगवणार नाही.

डिस्कचं गणित नीट समजून घ्या कारण इथे भलेभले अडकतात. डिस्क 85 टक्के भरली की इलॅस्टिकसर्च नवीन रेप्लिका, म्हणजे डेटाच्या जादा प्रती, तिथे ठेवायचं थांबवतं, 90 ला असलेला डेटा दुसरीकडे हलवायला बघतं, एकच मशीन असेल तर हलवणार कुठे, आणि 95 ला इंडेक्स सरळ रीड-ओन्ली करून टाकतं, म्हणजे सर्च चालू पण नवीन प्रॉडक्ट काही केल्या दिसत नाही आणि सगळे कोडमध्ये बग शोधत बसतात. हे टक्के अख्ख्या पार्टिशनचे असतात, त्यामुळे व्हार फोल्डर रूटवरच असेल आणि दुसऱ्या कुठल्या तरी ॲपच्या लॉगनी डिस्क भरली तरी भोगायचं सर्चनेच. डेटासाठी वेगळं पार्टिशन असेल तर उत्तम, एसएसडी असेल तर आणखी उत्तम, नेटवर्कवरची डिस्क नको.

टेम्प फोल्डर नोएक्झेकने, म्हणजे त्यातून प्रोग्रॅम चालवायला बंदी घालून, माउंट केलाय का तेही बघा, सिक्युरिटीवाल्यांनी घट्ट केलेल्या सर्व्हरवर असतो, आणि मग सर्व्हिस चालू होताना विचित्र एरर येतात. तसं असेल तर दुसरा फोल्डर करून ईएस टेम्पडिर या व्हेरिएबलमध्ये त्याचा पत्ता द्या.

आता नेटवर्क, इथे जरा थांबून वाचा. पॅकेजने टाकलं की सिक्युरिटी आपोआप सेट होते, पासवर्ड आणि एचटीटीपीएस दोन्ही, पण त्याच सेटअपमध्ये एचटीटीपी होस्ट चार शून्यांवर (0.0.0.0) ठेवलेला असतो, म्हणजे सर्चचा 9200 पोर्ट सगळ्या बाजूंनी ऐकतो. तेव्हा फायरवॉल आधी. एसएसएचला परवानगी, 9200 फक्त तुमच्या ॲपच्या आयपीला, 9300, म्हणजे सर्व्हर आपसात बोलतात तो पोर्ट, कोणालाच नाही. जुलै 2020 मध्ये मियाव नावाच्या हल्ल्यात बिनपासवर्डाचे उघडे डेटाबेस हजारोंनी पुसले गेले होते आणि त्यात इलॅस्टिकसर्चचे भरपूर होते, आता पासवर्ड आपोआप असला म्हणून पोर्ट जगाला दाखवायचं काय कारण? नेटवर्क होस्टला हात लावायचा असेल तर हे माहीत असू द्या की लोकलहोस्टवर ज्या गोष्टींची नुसती वॉर्निंग येते त्याच गोष्टी बाहेरचा पत्ता दिल्यावर एरर होतात आणि सर्व्हिस उठतच नाही. त्यातली प्रसिद्ध म्हणजे मॅक्स मॅप काउंट हा कर्नलमधला आकडा (एका प्रोसेसला मेमरीचे किती मॅप मिळतात तो), किमान 262144 लागतो. डेब पॅकेज तो स्वतः लावतं, पण स्वस्तातल्या कंटेनर टाइप व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) कर्नलचं सेटिंग बदलूच देत नाहीत, होस्टिंगवाल्याला पैसे भरायच्या आधी विचारा. आणि जुन्या ट्युटोरियलमध्ये बघून सेटिंगच्या फाइलमध्ये डिस्कव्हरी टाइप सिंगल नोड लिहिणार असाल तर आपोआप आलेली इनिशियल मास्टर नोड्सची ओळ काढा, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

इन्स्टॉल चालू असताना स्क्रीनवर पासवर्ड येतो तो तेव्हाच कॉपी करा, हुकलाच तर रीसेट करायची कमांड आहे, घाबरू नका.

मराठी मजकूर शोधायचा असेल तर डेटा भरायच्या आधी अर्धा दिवस यासाठी ठेवाच, कारण फील्डचा ॲनलायझर, म्हणजे मजकुराचे शोधायचे शब्द पाडणारा भाग, नंतर बदलायचा म्हणजे नवीन इंडेक्स करून सगळं परत भरायचं. मराठीसाठी तयार ॲनलायझर नाही. हिंदीचा आहे तसा उचलू नका, त्याच्या स्टॉपवर्डच्या (शोधताना गाळायच्या शब्दांच्या) यादीत 'कर' आहे, म्हणजे 'मालमत्ता कर' शोधलं की अर्धी क्वेरी गायब. त्यातले इंडिक आणि हिंदी नॉर्मलायझेशनचे फिल्टर मात्र कामाचे आहेत. 'वाऱ्या' हा शब्द कोणी ऱ ला हलन्त लावून टाइप करतं, कोणी साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) वापरून, डोळ्यांना दोन्ही सारखेच पण मशीनला वेगळे शब्द, हे फिल्टर ते एक करतात. ऱ्हस्व-दीर्घ पण एक होतं त्यामुळे दिन आणि दीन सारखेच, पण लोक टाइप कसं करतात ते बघता मला तरी ते सोयीचंच वाटतं. घर, घरात, घरांना हे जुळवायला एज एनग्रॅम (शब्दाच्या सुरुवातीचे तुकडे पाडणारा फिल्टर) लावून बघा, आणि ॲनलाइझ एपीआयवर तुमच्याच साइटवरचे पन्नास-साठ शब्द टाकून तुकडे कसे पडतात ते डोळ्यांनी बघा.

बॅकअप म्हणून डेटा फोल्डर कॉपी करणं हा बॅकअप नाही, इलॅस्टिकसर्चचा स्वतःचा स्नॅपशॉटच लागतो, आणि त्याची जागा पाथ डॉट रेपो या सेटिंगमध्ये आधी लिहावी लागते आणि मग रीस्टार्ट, म्हणून आत्ताच लिहून ठेवा, फोल्डरची मालकी इलॅस्टिकसर्च युजरकडे देऊन. सगळं झाल्यावर 9200 ला कर्ल मारलं आणि 'यू नो, फॉर सर्च' आलं की सर्व्हर उठला. पहिला इंडेक्स केल्यावर क्लस्टर (एकटा सर्व्हरही इथे क्लस्टरच म्हणवतो) पिवळा दिसेल, रेप्लिका ठेवायला दुसरं मशीन नाही एवढंच कारण, रेप्लिका शून्य केल्या की हिरवा होतो. रीबूटनंतर सर्व्हिस आपोआप उठावी म्हणून सिस्टमसीटीएल इनेबल तेवढं विसरू नका, पॅकेज ते स्वतः करत नाही, आणि एपीटी मार्क होल्ड पण लावा नाहीतर कोणीतरी सहज अपग्रेड मारेल आणि सर्चचं व्हर्जन न विचारता पुढे जाईल.