यूकेत मीडिया स्टडीज करायला आलात ना, मग पेपर छापण्याबद्दल थोडं ऐका

बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल, पण हे एक लक्षात ठेवा. पेपर छापायला स्वतःच्या खिशातून एक पौंडसुद्धा द्यायचा नाही, समोरून कितीही गोड मेल येवो. हे मी शहाणपणा म्हणून नाही सांगत, स्वतः पैसे भरून बसलेली बाई आहे मी. गेली १३ वर्षं लेस्टरला आहे, त्याआधी पुण्यात एका कॉलेजात शिकवत होते, तेव्हा एपीआय पॉइंट्सचा, म्हणजे पेपर मोजून बढतीसाठी गुण देण्याचा जमाना होता आणि स्टाफरूममध्ये 'तुझे किती झाले' हाच विषय. एका 'इंटरनॅशनल' जर्नलला ४ हजार रुपये भरले आणि सात दिवसांत पेपर छापून हातात! रिव्ह्यू म्हणजे काय तर 'गुड वर्क, कीप इट अप'. इथे पहिल्या इंटरव्ह्यूला पॅनेलमधल्या बाईंनी सीव्हीवर ती ओळ पाहिली, भुवया जरा वर केल्या आणि पान उलटलं. बोलल्या काहीच नाहीत, पण मला कळायचं ते कळलं.

नंतर तिकडेही सगळं बदलत गेलं. यूजीसीने २०१८ मध्ये आपल्या मान्य जर्नल्सच्या यादीतून ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढली, मग केअर लिस्ट नावाची नवी यादी आणली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तीपण बंद केली. म्हणजे यादीत नाव आहे ना, मग झालं, ही सवय आता दोन्हीकडे मोडावीच लागणार.

मग पैसे कोण देतं? इथल्या बऱ्याच विद्यापीठांचे जिस्क या संस्थेमार्फत सेज, टेलर अँड फ्रान्सिस, वायली अशा मोठ्या प्रकाशकांशी करार असतात, त्यात तुमचा लेख सगळ्यांना फुकट वाचायला खुला होतो आणि तुम्हाला बिल येत नाही. पण त्यासाठी कॉरस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, तुम्ही असायला हवं आणि सबमिट करताना विद्यापीठाचा ईमेल द्यायला हवा. आपले लोक सवयीने जीमेल टाकतात आणि मग हजारो पौंडांचं बिल बघून रडत बसतात. सगळी जर्नल्स करारात नसतात आणि करार बदलत राहतात, म्हणून आधी लायब्ररीतल्या ओपन अ‍ॅक्सेसवाल्यांना एक मेल टाका, ते बिचारे कोणीतरी विचारावं याचीच वाट बघत असतात. आणि पूर्ण फुकटवाली चांगली जर्नल्सही आहेत की, इंटरनॅशनल जर्नल ऑफ कम्युनिकेशन आहे, ट्रिपलसी आहे, लेखकाकडून पैसे नाहीत आणि वाचकाकडूनही नाहीत.

दुसरी गोष्ट, अ‍ॅक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट. म्हणजे रिव्ह्यू होऊन पास झालेली पण प्रकाशकाने अजून सजवलेली नाही अशी तुमची स्वतःची वर्ड फाईल. ती जपून ठेवा, नावात तारीख घाला, 'फायनल फायनल २' असलं काही नको. अ‍ॅक्सेप्टन्सचा मेल आला की ती विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात टाकायची असते, गेल्या आरईएफला (विभागांच्या संशोधनाची तपासणी, खाली सांगतेच) त्यासाठी तीन महिन्यांची मुदत होती. ती चुकली तर लेख कितीही भारी असला तरी आरईएफसाठी अडकू शकतो.

आरईएफ म्हणजे काय हे पहिल्या आठवड्यातच कोणीतरी घाबरवून सांगेल. दर काही वर्षांनी सरकारी पैसा वाटणाऱ्या संस्था विद्यापीठांतल्या विभागांचं संशोधन तपासून घेतात, स्टार देतात, त्यावर पैसे ठरतात. २०२१ ला झालं, पुढचं २०२९ ला. आपला विषय युनिट ३४ मध्ये येतो. २०२१ ला हिशोब असा होता की माणशी सरासरी अडीच लेख किंवा पुस्तकं, तीपण सात वर्षांतली, आणि एकाची जास्तीत जास्त पाचच. हे ऐकून मी उडालेच होते! पुण्यात वर्षाला चार पेपर नाही काढले तर माणूस आळशी ठरायचा. इथे सीव्हीवर वीस फुटकळ लेख असले की उलट शंका घेतात.

आणि हे स्टार नुसते कागदावर राहत नाहीत. बर्मिंगहॅमचं कल्चरल स्टडीज सेंटर, १९६४ मध्ये रिचर्ड हॉगर्टने सुरू केलेलं, स्टुअर्ट हॉलमुळे जगभर गेलेलं. हॉलचा एन्कोडिंग-डिकोडिंग पेपर, जो आपण एम.ए.ला घोकलाय, तो १९७३ मध्ये तिथल्या सायक्लोस्टाइल केलेल्या पेपरांच्या मालिकेतच आला होता. त्या परंपरेतल्या विभागाला २००१ च्या, म्हणजे आरईएफच्या आधीच्या अशाच मूल्यांकनात कमी ग्रेड मिळाली आणि २००२ मध्ये विद्यापीठाने तो बंद केला. म्हणून तुमचा हेड ऑफ डिपार्टमेंट स्टारबद्दल बोलताना घाम पुसत असेल तर हसू नका.

आता रिव्ह्यू. इथली इंग्रजी नीट वाचायला मला दोन वर्षं लागली. 'यू मे विश टु कन्सिडर' म्हणजे विचार करा असं नाही, ते करायचंच. 'आय वंडर व्हेदर' म्हणजे तुमचा मुद्दा पडलाय, उचलून नीट उभा करा. 'मेजर रिव्हिजन्स', म्हणजे मोठे बदल करून परत पाठवा, हे बघून रात्रभर झोपले नव्हते मी, आईला फोन करून रडले पण, आणि सकाळी शेजारच्या केबिनमधला सहकारी म्हणतो, अभिनंदन, आत घेतलंय तुला! खरंच तसंच असतं. दोन दिवस फाईल उघडू नका, मग प्रत्येक मुद्दा एका रकान्यात आणि तुमचं उत्तर समोरच्या रकान्यात, पान नंबरसकट. पटलं नाही तर तसं लिहा, पण कारण देऊन. गप्प बसून टाळलेलं त्यांना बरोब्बर दिसतं.

एक प्रश्न मात्र तुम्हाला हमखास येणार, 'भारताबाहेरच्या वाचकाला याचं काय?' माझा पेपर मराठी न्यूज चॅनेलवरच्या चर्चांचा होता, दोन्ही रिव्ह्यूअर्सनी हेच विचारलं. त्याच जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या एका छोट्या शहराच्या लोकल पेपरवरचा लेख होता, त्या लेखाच्या शीर्षकात देशाचं नावसुद्धा नव्हतं. राग येतो, येऊ द्या. पण पेपर मागे घेऊ नका आणि महाराष्ट्राला एका तळटीपेत कोंबूही नका. मी काय केलं, थिअरीचं भांडण पहिल्या दोन पानांत आणलं आणि आपल्या केसमुळे ती थिअरी कुठे तुटते ते तिथेच सांगून टाकलं. एवढं केल्यावर 'भारतच का' हा प्रश्न परत नाही आला. मराठीत लिहिणंही सोडू नका बरं का, आरईएफला इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतलं लेखन चालतं, सोबत छोटा इंग्रजी गोषवारा लागतो, एवढंच.

नावाचं आजच ठरवून टाका. आपलं नाव तीन मजली, त्यात लग्नानंतर आडनाव बदललेलं, एका पेपरवर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नुसतं अक्षर, मग गूगल स्कॉलरवर तुमचे दोन अवतार तयार होतात. माझे झालेत. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख नंबर काढा, फुकट आहे, १६ आकडी नंबर मिळतो, आडनाव बदललं तरी तो बदलत नाही.

गाईडचं नाव लेखावर घालायचं का? आपल्या विषयात इथे आपोआप घालत नाहीत, त्यांनी खरंच लिहिलं असेल तर घालायचं. सरळ विचारा, त्यांना वाईट वाटत नाही. पहिल्या नावाने हाक मारायला मात्र जीभ वळत नाही, मी सहा महिने नावच न घेता 'हॅलो' ने मेल सुरू करत होते.

व्हिसाचा हिशोबही यात धरा. पीएचडीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा तीन वर्षांचा, आणि माझा पहिला लेख सबमिट करण्यापासून छापून यायला १४ महिने लागले. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं, त्यामुळे दोन नकार आले की वर्ष कुठे गेलं कळत नाही. थिसिस संपायची वाट बघू नका, एक चॅप्टर आधीच बाहेर काढा. सुरुवातीला मेक्सा या इथल्या मीडिया अभ्यासकांच्या संघटनेच्या पीजी नेटवर्कचं 'नेटवर्किंग नॉलेज' हे जर्नल बघा, आपल्यासारख्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. पुस्तकाचं प्रपोझल मात्र एकाच वेळी दोन-तीन प्रकाशकांना पाठवलेलं चालतं, फक्त तसं सांगायचं.

आता कोणी म्हणेल, आपण मालकी, भांडवल, मक्तेदारी यावर लिहितो आणि छापतो कुठे? बरोबर आहे. डेली मिररचा मालक रॉबर्ट मॅक्सवेल आधी पर्गमॉन प्रेस या संशोधन जर्नल्सच्या प्रकाशनावर श्रीमंत झाला, ती प्रेस १९९१ मध्ये एल्सव्हियर या बड्या जर्नल प्रकाशकाकडे गेली. २०२४ मध्ये टेलर अँड फ्रान्सिसची मालक इन्फॉर्मा हिने मायक्रोसॉफ्टला एआयसाठी मजकूर वापरू दिला, सुरुवातीचीच रक्कम १ कोटी डॉलरच्या वर. कॉन्ट्रॅक्टवर सही करताना हे डोक्यात ठेवा आणि कॉपीराइटचा कागद वाचा, आम्ही कोणी वाचला नव्हता.

आणि हो, एएलसीएसला नाव नोंदवा, लेखकांसाठी असे पैसे गोळा करून वाटणारी संस्था आहे ती. यूकेतल्या आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक) असलेल्या जर्नलमध्ये लेख आला की तिथे त्याची नोंद करायची, फोटोकॉपीच्या वगैरे पैशातला वाटा ते मार्चमध्ये पाठवतात. रक्कम काही मोठी नसते, पण साधारण पाडव्याच्या आसपास येते आणि इथल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांतून श्रीखंड आणून वर चारजणांना जेवायला बोलवता येतं.