रोध आणि वॉटेज काढताना या चुका टाळा

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, करंटने गुणलं की वॉटेज. सूत्रं सोपी आहेत. उत्तर बिघडतं ते त्यांत घातलेल्या आकड्यांमुळे. व्होल्टेज आणि करंट एकाच भागाचे आणि एकाच वेळचे हवेत, ही अट सर्रास मोडली जाते.

समजा, १२ व्होल्टवर लाल एलईडी २० मिलिअँपिअरने पेटवायचा आहे. करंट आवरायला त्याच्या रांगेत किती ओहमचा रेझिस्टर जोडायचा? १२ भागिले २०, म्हणजे ०.६ ओहम? मिलिअँपिअरचे अँपिअर करायचे राहिले. इतक्या कमी रोधाने एलईडी क्षणात जळेल. १२ भागिले ०.०२, म्हणजे ६०० ओहम हे उत्तरही चूकच, फक्त ती चट्कन दिसत नाही. एलईडीवरच सुमारे २ व्होल्ट पडतात, रेझिस्टरच्या वाट्याला उरतात १०. म्हणून ५०० ओहम. दुकानात सहज मिळतात ४७० आणि ५६०. ५६० घ्या, करंट १८ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो आणि उजेडात फरक जाणवत नाही. रेझिस्टरवर ०.१८ वॅट खर्च होतात. पाव वॅटचा चालेल, पण चांगलाच तापेल. बंद डबीत बसवणार असाल तर अर्ध्या वॅटचाच लावा.

आता गीझर. २३० व्होल्ट, २००० वॅट असं लिहिलेला गीझर ८.७ अँपिअर घेतो आणि त्याच्या कॉइलचा रोध साधारण २६.५ ओहम असतो. व्होल्टेज १८० वर उतरलं तर? त्याच प्रमाणात वॉटेज घटेल असं धरून लोक १५६५ वॅट काढतात. पण व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो, म्हणून वॉटेज वर्गाच्या प्रमाणात घटतं: १८० गुणिले १८० भागिले २६.५, म्हणजे जेमतेम १२२० वॅट. पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो, कॉइल मात्र धडधाकट असते.

कॉइलचा रोध मोजताना आधी प्लग काढा. चालू लाइनवर ओहमचा रेंज कधीही लावू नका. मीटर काहीच दाखवत नसेल तर लगेच कॉइल बदलू नका: पाणी गरम असताना थर्मोस्टॅट (तापमान पाहून कॉइल बंद-चालू करणारा स्विच) उघडा, म्हणजे जोडणी तोडलेला असतो. थेट कॉइलच्या दोन टोकांवर मोजा.

मीटरने मोजलेल्या रोधावरून वॉटेज काढण्याची युक्ती पिवळा उजेड देणाऱ्या, तारेच्या जुन्या बल्बला चालत नाही. १०० वॅटच्या बल्बचा पेटलेला रोध ५२९ ओहम. थंड असताना मीटर ४० च्या आतबाहेर दाखवतो. त्यावरून वॉटेज काढलं तर हजाराच्या वर जातं. बल्बच्या तारेतल्या टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर अनेक पटींनी वाढतो, गीझरच्या कॉइलमधल्या नायक्रोम या मिश्रधातूचा मात्र फारसा वाढत नाही.

मोटरचा हिशेब तर वेगळाच. वाइंडिंगच्या (आत गुंडाळलेल्या तारेच्या) रोधावरून चालू मोटरचा करंट काढू नका. फिरणारी मोटर उलट व्होल्टेज तयार करते, त्यामुळे करंट त्या हिशेबापेक्षा कमी असतो. २३० व्होल्ट आणि ६ अँपिअर यांचा गुणाकार १३८० येतो, पण ते व्होल्ट-अँपिअर झाले. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खरा काम करणारा वाटा, ०.८ असेल तर खरे वॅट ११०४. शेतपंपाचं व्होल्टेज पंप चालू असताना, मोटरच्या टर्मिनलवरच घ्या. लांब केबलमध्ये ते बरंच पडतं. उघड्या टर्मिनलवर हे काम वायरमनकडूनच करून घ्या. करंट क्लॅम्पमीटरने (तारेभोवती जबडा अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरने) मोजा आणि त्याच्या जबड्यात एकच तार धरा. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले तर मीटर शून्याच्या आसपास दाखवेल.