डॉक्टरांनी संशोधनात भाग घ्यायला सांगितलं तर

नागपूरच्या धंतोलीतल्या तुमच्या डॉक्टरांनी "एका अभ्यासात नाव घालू का?" विचारलं, तर तिथल्या तिथे सही करू नका. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. त्यावर सीटीआरआय/वर्ष/महिना/आकडे असा नोंदणी क्रमांक शोधा आणि सीटीआरआयच्या (CTRI, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) संकेतस्थळावर तपासा. औषधांच्या चाचण्यांना ही नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे.

किती खेपा, दर वेळी किती रक्त (५ मिली म्हणजे चहाचा एक चमचा), गाडीभाडं कोण देणार, हे विचारून घ्या.

लपवलेल्या औषधांमुळे गडबड होऊ शकते. आयुर्वेदिक काढा चालू असल्याचं सांगितलं नाही, तर त्रास कशामुळे झाला ते कुणालाच कळत नाही. म्हणून चालू औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर शेवटचं रक्त कधी चढवलं ती तारीख जरूर सांगा; नुकत्याच चढवलेल्या रक्ताने तपासणीचा निकाल बदलतो.

संमतीपत्राची सही झालेली प्रत घ्याच. एथिक्स कमिटीचा (भाग घेणाऱ्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा) फोन नंबर त्यात असतो. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार थांबत नाहीत. मात्र गोळी मनाने सोडू नका, आधी डॉक्टरांना कळवा.